कोविडमधून घरी आलेल्या रुग्णाला पुन्हा ॲडमिट करावं लागलं तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे. कोविड वॉर्डातून घरी गेलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांचे फोन २०२० पासून घेतो आहे. लाटा ओसरल्या, पण प्रश्न थांबले नाहीत. कोणाची आजी आज पॉझिटिव्ह असते, तर कोणी २०२१ ची फाईल घेऊन विम्याचं विचारायला येतं. आणि कोणी फक्त एवढंच विचारतं, की तेव्हा आमचं काही चुकलं का. सगळ्यात जास्त वेळा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचत असताना घरात कोणाला धाप लागत असेल तर वाचन बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

१. डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला ना?

नाही. आता त्याला कॉटची गरज उरली नाही, एवढाच डिस्चार्जचा अर्थ. मे २०२० च्या केंद्राच्या नियमानुसार सौम्य रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस झाले आणि सलग ३ दिवस ताप आला नाही, की चाचणी न करताच घरी सोडत. मध्यम आजाराच्या रुग्णाचा ताप आणि बाहेरून न देता टिकणारा ऑक्सिजन पाहून ठरवत. जानेवारी २०२२ मध्ये सौम्य रुग्णासाठी ही मुदत पॉझिटिव्ह आल्यापासून ७ दिवसांवर आली. रुग्णालयात कोणाला ठेवायचं हे या नियमांनी ठरतं. फुप्फुसं किती भरून आली हे त्यावरून कळत नाही. न्यूमोनिया झालेल्या फुप्फुसाला पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि तो काळ रुग्ण घरात काढतो. म्हणून मी डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांना सांगतो, की वॉर्ड आता तुमच्या घरी आला आहे.

२. पुन्हा ॲडमिट व्हावं लागणाऱ्यांचं प्रमाण खरंच मोठं आहे का?

दुर्लक्ष करता येणार नाही इतकं नक्कीच आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने मार्च ते जुलै २०२० मधल्या रुग्णांची नोंद तपासली. जिवंत घरी गेलेल्या १,०६,५४३ जणांपैकी ९,५०४ जण, म्हणजे ९ टक्के, दोन महिन्यांच्या आत त्याच रुग्णालयात परत आले. दुसरीकडे गेलेले यात मोजलेच नाहीत, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार. तिथल्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ६० दिवसांत परत आलेले जवळपास २० टक्के होते, आणि ९ टक्के दगावले. मिशिगनच्या ३८ रुग्णालयांत हे प्रमाण १५ टक्के निघालं. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत घरी सोडलेल्या ४७,७८० जणांचा सरासरी १४० दिवस मागोवा घेतला, त्यांपैकी २९ टक्के पुन्हा दाखल झाले.

या आकड्यांची एकमेकांशी थेट तुलना करू नका. कोणी ६० दिवस मोजले, कोणी १४०. माजी सैनिकांत वयस्क पुरुषच जास्त. पण कुठलाही आकडा घेतला तरी दर अकरा-बारा घरांतल्या एका घराला तरी परत रुग्णालय गाठावं लागलं असं दिसतं.

आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ जणांची वर्षभर फोनवरून चौकशी केली. त्यांतले ६.५ टक्के वर्षाच्या आत गेले. जास्त वय, आधीचे आजार आणि पहिल्या वेळी जास्त गंभीर असणं ही त्यातली ठळक कारणं होती. आजारापूर्वी लस घेतलेल्यांत हे मृत्यू कमी दिसले.

३. सगळ्यात जास्त जपायचं ते कधी?

पहिले दहा दिवस. माजी सैनिकांच्या त्याच अभ्यासात ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. साध्या न्यूमोनियाच्या किंवा हार्ट फेल्युअरच्या (हृदयाचं पंपिंग कमी पडण्याच्या) रुग्णांशी तुलना केली, तर कोविडवाल्यांना घरी गेल्यावरच्या पहिल्या दहा दिवसांत परत येण्याचा किंवा मृत्यूचा धोका जास्त होता. पूर्ण ६० दिवस धरले, तर तो त्यांच्यापेक्षा कमी होता. थोडक्यात, धोका सुरुवातीच्या दिवसांत दाटलेला असतो.

याचं कारण बघा. याच दिवसांत स्टिरॉइडचा कोर्स संपतो आणि त्याने दबलेली सूज काही जणांत पुन्हा डोकं वर काढते. स्टिरॉइडने चढलेली शुगर घरी कोणी तपासत नाही. आठवडाभर पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या धरायला वाव मिळालेला असतो. त्यात वॉर्डातली सिस्टर दर चार तासांनी बघायची, घरी रात्री दहा ते सकाळी सहा कोणीच बघत नाही. आम्हाला यायचे ते फोन बहुतेक पहाटेचे असत.

४. आमच्या घरातल्या माणसाला धोका जास्त आहे हे कसं ओळखायचं?

वय ६५ च्या पुढे असेल. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार), हार्ट फेल्युअर, किडनीचा आजार, गुंतागुंत झालेला मधुमेह किंवा लठ्ठपणा असेल. किंवा कोविडच्या आधीच्या तीन महिन्यांत दुसऱ्या कारणाने ॲडमिट झालेलं असेल, तर धोका जास्त. सीडीसीच्या नोंदीत हेच घटक आले होते. माझ्या अनुभवातून त्यात आणखी एक घालतो. घरी जेवण जात नसेल आणि माणूस दिवसभर अंथरुणात पडून असेल, तर आजारांची यादी कोरी असली तरी त्याच्यावर लक्ष ठेवा.

५. कोणतं लक्षण दिसलं की वाट न बघता निघायचं?

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडनंतरच्या काळजीसाठी जी नियमावली काढली, तिच्यातली यादी आजही पुरेशी आहे: जोराचा ताप, धाप, ऑक्सिजन ९५ च्या खाली, छातीत कारण नसताना दुखणं, माणूस अचानक बावचळल्यासारखा वागणं, हातापायातली किंवा चेहऱ्याच्या एका बाजूची ताकद जाणं.

यातल्या बावचळण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण घरी हेच लक्षण सगळ्यात जास्त वेळा सुटतं. आजोबा रात्री उठून कुठेतरी निघतात, नावं चुकवतात, दिवसभर झोपून राहतात. घरचे म्हणतात, वय झालंय, आजारपणाने थकलेत. हे ऑक्सिजन कमी पडल्याने, शुगर किंवा सोडियम बिघडल्याने किंवा जंतुसंसर्गानेही होतं, आणि म्हाताऱ्या माणसांत अनेकदा तापाच्या आधी हेच दिसतं.

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात खाली पडणं ही स्ट्रोकची लक्षणं आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सिटी स्कॅनची सोय नसलेल्या दवाखान्यात आधी जाऊन तो वेळ घालवू नका.

ऑक्सिजनच्या कोणत्या आकड्याला डॉक्टरांना कळवायचं आणि कोणत्याला थेट निघायचं यासाठी प्रश्न ६ पाहा, नाक आणि डोळ्याच्या लक्षणांबद्दल प्रश्न ९.

६. ऑक्सिमीटरवर एकदा ९२ दिसलं, एकदा ९६. कोणतं धरायचं?

पाच मिनिटं शांत बसवा. हात गार असतील तर चोळून गरम करा. नेलपॉलिश किंवा नखावर गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. हात छातीजवळ स्थिर ठेवा आणि आकडा अर्धा मिनिट तरी टिकेपर्यंत थांबा. लावल्या लावल्या दिसतो तो आकडा धरायचा नाही. बसलेल्या अवस्थेत ९५ च्या खाली टिकून राहत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. ९० च्या खाली गेलं तर फोनाफोनीत वेळ न घालवता गाडी काढा.

बसून ९६ असणाऱ्याची खरी परीक्षा चालण्यात होते. घरातल्या घरात सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजा. वय साठीपुढचं असेल तर तीन मिनिटं पुरेत. ९३ च्या खाली आलं, किंवा आधीच्या आकड्यापेक्षा ३ पेक्षा जास्त उतरलं, किंवा चालताना चक्कर वा धाप आली, तर फुप्फुस अजून तयार नाही असं समजा. बसूनच आकडा कमी असेल, किंवा माणसाला आधाराशिवाय उभं राहता येत नसेल, तर ही चाचणी करूच नका.

दोन अपवाद ध्यानात ठेवा. जुन्या सीओपीडीच्या रुग्णाचा रोजचाच आकडा ९० ते ९२ असू शकतो, त्याच्यासाठी त्याचा स्वतःचा आधीचा आकडा हीच मोजपट्टी. दुसरं म्हणजे गडद त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवू शकतं. अमेरिकेत २०२० मध्ये कृष्णवर्णीय रुग्णांवर याची तपासणी झाली आणि तिथे हे स्पष्ट दिसलं. म्हणून माणूस धापत असेल आणि यंत्र ९५ म्हणत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

७. घरी आल्यावर हौसेने टेस्ट केली, परत पॉझिटिव्ह आली. पुन्हा ॲडमिट व्हायचं का?

लक्षणं नसतील तर नाही. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूचे मेलेले तुकडेही सापडतात आणि ते कित्येक आठवडे नाकात राहू शकतात. दक्षिण कोरियात २०२० च्या वसंतात अशा पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांची आणि त्यांच्या ७९० संपर्कांची तपासणी झाली. त्यांच्यामुळे नवा संसर्ग झाल्याचं एकही उदाहरण मिळालं नाही, आणि जिवंत विषाणूही वाढवता आला नाही. डिस्चार्जनंतर सहज म्हणून टेस्ट करू नका, हे याचमुळे सांगतात.

मात्र दोघांबद्दल डॉक्टरांशी बोला. काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा ताप-खोकला झाला असेल तर तो नवा संसर्ग असू शकतो. आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा रक्ताच्या कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या शरीरात जिवंत विषाणू खरोखरच दीर्घकाळ राहू शकतो.

८. स्टिरॉइडच्या गोळ्या कधी थांबवायच्या? एक जण म्हणतो लगेच, दुसरा म्हणतो महिनाभर.

ब्रिटनमधल्या ज्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीमुळे जून २०२० पासून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सगळीकडे सुरू झालं, तिच्यात मात्रा होती दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि रुग्णालयातून सुट्टी मिळाली की बंद. ऑक्सिजन लागलेल्यांना फायदा झाला, व्हेंटिलेटरवरच्यांना सर्वांत जास्त. ऑक्सिजन न लागलेल्यांना काहीच झाला नाही. म्हणून बहुतेक रुग्णांना घरी स्टिरॉइड लागतच नाही.

काही जणांच्या फुप्फुसात सूज रेंगाळते. अशांना छातीचे डॉक्टर स्कॅन पाहून काही आठवडे उतरत्या मात्रेत गोळी देतात. हा निर्णय त्यांचाच. तीन आठवड्यांपेक्षा जास्त गोळी घेतली असेल तर मनाने एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं तोवर थांबवलेलं असतं. मग रक्तदाब पडतो, उलट्या होतात, अंगात त्राण राहत नाही, आणि घरचे म्हणतात कोविडचा अशक्तपणा आहे. अशा अवस्थेत परत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आणि गोळी चालू असेपर्यंत, तसंच थांबल्यावरही आठवडाभर, शुगर घरी मोजा. आधी मधुमेह नव्हता म्हणून सोडून देऊ नका. मेडिकलवाल्याने जुन्या चिठ्ठीवर दिलेली स्ट्रिप घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

९. म्युकर म्हणजे काळी बुरशी आता होते का? तिची सुरुवात कशी ओळखायची?

२०२१ च्या उन्हाळ्यात जे झालं तसं आता दिसत नाही, पण मधुमेह आणि स्टिरॉइड एकत्र आले की धोका आहेच. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये रुग्ण सर्वांत जास्त होते, आणि ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनच्या एकेका व्हायलसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते.

ही बुरशी साधारण कोविड बरा होत असताना गाठते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. एकाच बाजूचं नाक चोंदणं, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित पाणी, एका गालाला दुखणं किंवा बधिरपणा, वरचे दात हलणं, टाळूवर काळा डाग, डोळा सुजणं, एकाचं दोन दिसणं. कळीचा शब्द आहे ‘एका बाजूला’. सर्दी दोन्ही नाकपुड्यांना होते. दात हलतोय म्हणून आधी दंतवैद्याकडे गेलेल्यांचे आठवडे त्यात गेले. वरचं काहीही दिसलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्याच दिवशी जा, दुर्बिणीने बघतात. आधी कोविड आणि स्टिरॉइड झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा.

१०. रक्त पातळ करणारी गोळी सगळ्यांनाच लागते का?

नाही. ब्राझीलमध्ये गुठळीचा जास्त धोका असलेल्या ३२० जणांवर चाचणी झाली. त्यांच्यापैकी निम्म्यांना डिस्चार्जनंतर ३५ दिवस रिव्हारोक्साबान दिलं, आणि त्यांच्यात गुठळ्यांच्या घटना कमी झाल्या. ती माणसं निवडून घेतलेली होती. सरसकट दिलं तर पोटातल्या किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही सरसकट वाढतो. डिस्चार्ज कार्डावर गोळीचं नाव आणि शेवटची तारीख दोन्ही लिहून घ्या. तारीख नसलेली गोळी लोक सहा-सहा महिने घेत राहतात.

गोळी चालू असो वा नसो, एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक लागलेली धाप, श्वास घेताना छातीत टोचणं, थुंकीतून रक्त, घेरी येऊन पडणं, यांपैकी काहीही झालं तर तातडीने निघा. फक्त डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) वाढलेला आला म्हणून धावत येऊ नका. कोविडनंतर तो बराच काळ वाढलेला राहू शकतो.

११. ऑक्सिजनच्या मशीनसह घरी सोडलंय. कमी कधी करायचा? घरात काय काळजी घ्यायची?

डॉक्टरांनी दिलेला आकडा गाठण्यापुरताच ऑक्सिजन, साधारण ९२ ते ९६. सीओपीडी असेल तर ८८ ते ९२, त्याला जास्त दिला तर अपाय होतो. कमी करताना अर्धा-अर्धा लिटर, आधी बसलेलं असताना, मग चालताना, झोपेतलं सगळ्यात शेवटी. उलट दिशेने गेलात, म्हणजे काल २ लिटरवर भागत होतं आणि आज ४ लागतायत, तर हीच परत ॲडमिट होण्याची वेळ. मशीन ५ लिटरपर्यंत चालतं म्हणून पाचपर्यंत वाढवत बसू नका.

दोन गोष्टी घराच्या. लाईट गेली तर काय, हे पहिल्याच दिवशी ठरवा: भरलेला सिलिंडर किंवा इन्व्हर्टर, आणि तो मशीन ओढतो का हे चालवून बघा. आणि देवघर. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, समई, उदबत्ती, कापूर, विडी, काहीही पेटवू नका. दिवा दुसऱ्या खोलीत लावा.

१२. परत न्यायचं तर त्याच रुग्णालयात न्यावं का? सोबत काय घ्यावं?

तातडी नसेल तर हो, तुमची माहिती तिथे आहे. प्रश्न ५ मधल्या केंद्रीय नियमावलीतही डिस्चार्जनंतर ७ दिवसांत पहिली भेट, प्रत्यक्ष किंवा फोनवर, शक्यतो त्याच रुग्णालयात व्हावी असं म्हटलं होतं. ही भेट चुकवू नका. घरी बरं वाटतंय म्हणून न आलेल्यांतलेच काही जण पुढच्या आठवड्यात स्ट्रेचरवर येतात. धाप किंवा छातीत दुखणं असेल तर मात्र जवळचं आयसीयू गाठा.

सोबत डिस्चार्ज कार्ड, शेवटचा रक्त तपास, सिटी स्कॅनचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिप घ्या. स्ट्रिप म्हणजे स्ट्रिपच, ‘ती पांढरी छोटी गोळी’ यावरून कोणाला काही कळत नाही. घरी मोजलेले ऑक्सिजन आणि शुगरचे आकडे एका कागदावर तारखेसह असतील तर निम्मं निदान तिथेच होतं.

१३. मुलाला कोविड अगदी हलका झाला होता. महिन्याने ताप का आला?

साधा तापही असू शकतो. पण मुलांत संसर्गानंतर २ ते ६ आठवड्यांनी एमआयएस-सी नावाची दाहाची अवस्था होऊ शकते, आणि अनेकदा मूळ कोविड लक्षातही आलेला नसतो. तीन दिवस ताप, सोबत पोटदुखी, उलट्या-जुलाब, लाल डोळे, अंगावर पुरळ, ओठ लाल होणं, हातपाय गार पडणं, असं असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे जा आणि घरात कोविड होऊन गेल्याचं सांगा. हृदयावर परिणाम होतो, म्हणून बहुतेक मुलांना ॲडमिट करावं लागतं. वेळेत उपचार झाले की बहुसंख्य मुलं पूर्ण बरी होतात. ॲपेंडिक्स समजून पोटाच्या सर्जनकडे जाण्यात वेळ जातो, एवढं सांभाळा.

१४. मी न्यू जर्सीत, आई-बाबा सांगलीत. फोनवरून काय विचारू?

‘बरं वाटतंय का’ विचारू नका, उत्तर ‘हो बाळा’ हेच येणार. व्हिडिओ कॉल लावा आणि बाबांना एका दमात वीसपर्यंत अंक म्हणायला सांगा. मध्येच श्वास घ्यावा लागला तर तो तुम्हाला दिसेल. आईला खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चालून यायला सांगा आणि ऑक्सिमीटर कॅमेऱ्यासमोर धरायला लावा. काल रात्री काय जेवलात, लघवी किती वेळा झाली, हे विचारा. शेजारच्या एका माणसाकडे घराची किल्ली आणि फाईल कुठे आहे याची माहिती ठेवा. निर्णय कोण घेणार हे आधीच ठरवा. तीन भावंडं तीन देशांत असली की पहाटे तीन वाजता प्रत्येक जण दुसऱ्याला फोन करत बसतो.

१५. आईला घरी आणलं, पाच दिवसांनी परत न्यावं लागलं, आणि ती गेली. आमचं चुकलं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे. बहुतेक वेळा तो फोनच्या शेवटी येतो, दुसरंच काही विचारून झाल्यावर.

पहिली गोष्ट. वर प्रश्न २ मध्ये दिलेले आकडे चांगल्या, सुसज्ज रुग्णालयांतले आहेत. तिथेही माणसं परत आली आणि काही गेली. कोविडने फुप्फुसांचं आणि रक्तवाहिन्यांचं जे केलेलं असतं ते डिस्चार्जच्या दिवशी कुठल्याही तपासणीत पूर्ण दिसत नाही. मोठी गुठळी सुटली तर काही मिनिटांत माणूस जातो, डॉक्टर शेजारी उभा असला तरी.

दुसरी गोष्ट. एप्रिल-मे २०२१ मध्ये कॉट मिळत नव्हती. मुंबईत महापालिकेच्या विभागवार वॉर रूममधून खाट मिळायची, बाकी ठिकाणी ओळखीवर आणि नशिबावर. एकाने सोडलेल्या जागेवर त्याच संध्याकाळी दुसरा झोपत होता. तेव्हा काही जणांना लवकर घरी पाठवलं गेलं. मीही पाठवलं. दारात दुसरा धापत असायचा. त्यांपैकी कोण परत आलं, कोण नाही, हे मला आठवतं. त्या निर्णयाचं ओझं तुमच्या घराने वाहायचं नाही.

तिसरी गोष्ट, आणि ती आज ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांच्यासाठी. ‘आत्ताच तर सोडलंय, लगेच परत गेलो तर ओरडतील’, ‘बिल नुकतंच भरलंय’, ‘सकाळपर्यंत बघू’, ही वाक्यं मी इतक्या घरांतून ऐकली आहेत. परत येण्याची लाज बाळगू नका. रात्री दोनला आलेला आणि तपासून चारला घरी परत पाठवलेला रुग्ण आम्हाला कधीही चालेल.

१६. दुसऱ्यांदा ॲडमिट झालं तर विमा मिळतो का? एकच क्लेम धरतात की दोन?

पॉलिसीत ‘एकच आजार’ अशी व्याख्या असते: रुग्णालयातल्या शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांच्या आत तोच आजार उलटला, तर तो आधीच्याच आजाराचा भाग. क्लेम मिळतो. फक्त त्या आजारासाठी रकमेची मर्यादा असेल तर ती दोन्ही वेळा मिळून एकच. पॉलिसीतली रक्कम संपल्यावर पुन्हा भरून मिळण्याची सोय काही पॉलिसींत त्याच आजाराला लागू नसते, ते कलम वाचा.

परत ॲडमिट होण्याचं कारण वेगळं असेल, जसं की म्युकर किंवा हार्ट ॲटॅक, तर दुसऱ्या डिस्चार्ज कार्डावर ते निदान स्पष्ट लिहून घ्या. ‘पोस्ट-कोविड’ एवढंच लिहिलं की टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) प्रश्न काढतं. दुसऱ्या वेळी कंपनीला नव्याने कळवावं लागतं, जुन्या क्लेमवर भागत नाही. ॲडमिट न होता झालेला औषध-तपासणीचा खर्च बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतर ६० दिवस मिळतो. जुलै २०२० ला आलेल्या कोरोना कवच पॉलिसीत ही मुदत ३० दिवस होती.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड सोबत ठेवा.

१७. चार-पाच महिने झाले, आता खुब्यात दुखतंय, वजन उतरतंय. याचा कोविडशी संबंध?

खुब्याचा असू शकतो. स्टिरॉइडनंतर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, त्याला एव्हीएन म्हणतात. मुंबईत २०२१ मध्ये कोविडनंतरचे असे रुग्ण नोंदले गेले. जांघेत दुखत असेल आणि मांडी घालून बसता येत नसेल तर एमआरआय करून घ्या, साध्या एक्स-रेत सुरुवात दिसत नाही. वजन उतरणं, संध्याकाळचा ताप आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची टीबी तपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सगळं कोविडच्या नावावर लिहून टाकू नका.

१८. बाबा दुसऱ्यांदा ॲडमिट असताना गेले. ५० हजारांच्या सानुग्रह मदतीत ते कोविड मृत्यू धरतात का?

सप्टेंबर २०२१ च्या नियमानुसार दिवस मोजायचे ते पॉझिटिव्ह चाचणीच्या तारखेपासून, डिस्चार्जपासून नाही. त्या ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो कोविड मृत्यू, मग माणूस घरी गेला असो वा दुसऱ्या रुग्णालयात. ३० दिवसांनंतरचा मृत्यू तेव्हाच धरतात, जेव्हा ॲडमिशन एकच आणि सलग असेल. अडचण इथेच होते. मध्ये दोन दिवस घरी आणलं आणि ३५ व्या दिवशी दुसऱ्या ॲडमिशनमध्ये मृत्यू झाला, तर सलगपणा तुटतो. एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलं असेल तर रेफर केल्याचा कागद जोडा, म्हणजे खंड पडला नव्हता हे दाखवता येतं. मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

२० मार्च २०२२ आधीच्या मृत्यूंसाठी अर्जाची मुदत २४ मार्च २०२२ पासून ६० दिवस होती, नंतरच्या मृत्यूंसाठी मृत्यूपासून ९० दिवस. मुदतीत अर्ज न करण्यामागे खरी अडचण असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीपुढे जायचा मार्ग न्यायालयाने ठेवला होता. आधी केलेला अर्ज अडकला असेल तर त्याचा क्रमांक घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करा.

१९. पहिलं डिस्चार्ज कार्डच हरवलंय. आता?

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात रुग्णाचं नाव, ॲडमिट झाल्याची तारीख आणि नातेवाइकाचं ओळखपत्र देऊन लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. जम्बो सेंटर बंद झालं असेल तर अर्ज महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा. तोवर जुन्या फोनमध्ये शोधा. लॅबने व्हॉट्सॲपवर पाठवलेला रिपोर्ट, पॉझिटिव्ह आल्याचा मेसेज, मेडिकलची बिलं, यांवरून तारखा जुळवता येतात. मिळालेलं कार्ड दोन्ही बाजूंनी फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत पुसली जातात, त्यांचे फोटो आधी काढा.